पांढरे कोट आणि तळघराची ओल

आई, परवा पावसाने उघडीप दिली म्हणून सुनेने घराची सगळी दारं उघडली आणि मला आपलं जव्हारचं तळघर आठवलं. उतारावरचं घर, रस्त्याच्या बाजूला मालकाचं दुकान, मागून खाली उतरलं की आपण. बाबा गेल्यावर तू तिथेच शिवणयंत्र मांडलंस. त्या पावसाळ्यात संस्थानच्या बँडचे पांढरे कोट शिवायचं काम तुला मिळालं होतं. दसऱ्याला ते पसंत पडले तर काम दर वर्षी तुझ्याकडेच येणार होतं आणि घरोघर जाऊन चोळ्यांचं शिवण मागणं थांबणार होतं.

श्रावणातल्या अशाच एका उघडिपीला मालकीणकाकू जिन्यावरून वाकून म्हणतात, "अगं, उघड की दार! आत काय लोणचं मुरत घातलंयस?" तू हसतेस, दार सताड उघडतेस. बाहेरची उबदार, दमट हवा आत येते आणि यंत्राच्या थंडगार लोखंडावर बघता बघता थेंब धरतात, गार पाण्याच्या तांब्यावर धरावेत तसे. तू जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत राहिलीस, पण यंत्राच्या खालच्या अंगाला लोंबणारा एक थेंब तुला दिसला नाही. तो गंज घेऊन कोटाच्या कमरेवर पडला.

दुसऱ्या दिवसापासून दार बंद. डोंगरावरच्या सूर्यमाळच्या बायका विकायला आणत तो कोळसा शेगडीत फुलवून तू यंत्राजवळ ठेवायचीस, झरोका तेवढा उघडा. लोखंड हाताला कोमट लागलं की मगच शिवायला बसायचीस. मी शेजारी काजं करायचे. यंत्र कोरडं राहिलं; तुझी चोळी मात्र पाठीला चिकटलेली असायची. डागावर लिंबू-मीठ चोळून झालं, तरी फिकट पिवळी खूण उरलीच.

"पट्ट्याखाली झाकेल," मी म्हटलं.

"आणि पट्टा सुटला की?" वर न बघता तू म्हणालीस. "तेव्हा तू जाणारेस का तिथं हात ठेवून उभी राहायला?"

कोट द्यायला गेलो तेव्हा तू नेमका तोच वर ठेवलास. संस्थानचे कारकून म्हणाले, "बाई, बोलला नसतात तर मला दिसलाही नसता."

"म्हणून तर दाखवला."

त्यांनी सगळे कोट ठेवून घेतले. पुढच्या वर्षी काम नाशिकच्या एका शिंप्याकडे गेलं. तू पुन्हा चोळ्यांसाठी दारोदार जायला लागलीस आणि मला सोबत नेऊ लागलीस. यंत्र चालू असताना तू कधी बोलायची नाहीस. त्या वाटांवर मात्र बोलायचीस. तुझ्या माहेरचं, बाबांचं, लोकांच्या नकला करून.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येतंय. काम गेल्याचं तुझ्याइतकंच मलाही लागलं असं तू धरून चालली होतीस. मला मात्र बरं वाटलं होतं, आई.