धाकटं, थोरलं आणि मधला डाग

२ फेब्रुवारी, सकाळी ९

नवी वही. नवा कारभार. स्टुडिओला यंदा तीस वर्षं झाली, आता सगळं शिस्तीत.

संकल्प एकच. महिनाअखेर फोटो एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर. जुनं नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. उमेदवार दोन. एक स्वस्तातलं, एकदा पैसे भरा आणि विसरा. दुसरं व्यावसायिक, मोठमोठे स्टुडिओ वापरतात ते, त्याला दर वर्षी भाडं. पहिल्याचं नाव मी धाकटं ठेवलं, दुसऱ्याचं थोरलं. दोन्ही महिनाभर फुकट वापरून बघता येतात. घाई करायची नाही. घाईत काढलेला फोटो आणि घाईत घेतलेला निर्णय, दोन्ही हलतात.

हे वाक्य चांगलं झालं. हिला वाचून दाखवणार होतो, पण नको. ही वही फक्त माझी.

४ फेब्रुवारी

धाकटं टाकलं. पहिलं मत: बरं आहे. दहा मिनिटांनी मत: फसवणूक. कोणताही फोटो उघडा, बरोब्बर मधोमध करडा डाग. फुकट दिलंय ना, म्हणून खूण उमटवून ठेवली. पैसे भरले की जाईल.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला खूण असते, पण खाली उजव्या कोपऱ्यात, तीसुद्धा प्रिंट काढल्यावर. मी म्हटलं माझ्याकडे मधोमध आहे. बिचारा कामधंदा सोडून आला, स्क्रीनला नाक लावून बघितलं, म्हणाला डागबिग काही नाही. त्यालाही दिसला नाही. आजकाल लोकांना नजरच राहिलेली नाही.

७ फेब्रुवारी

दादाचा फोन. दादा म्हणजे मोठा भाऊ. पाच वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली, तेव्हापासून वहिनीचा खांदा धरून चालतो. तब्येत विचारायच्या आधी विचारलं, बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा सरळ दिसतात ना? त्याला सगळ्यात आधी त्या लाटांसारख्या दिसायला लागल्या होत्या. चार महिने त्याने गवंड्याला शिव्या घातल्या, मग डॉक्टरकडे गेला, तोवर उशीर झालेला. डोळ्याच्या पडद्याचा आजार, आपल्या घराण्यात आहे, वेळेवर गेलं तर इंजेक्शनने थांबतो, वगैरे. पाठ झालंय मला. शेवटी म्हणाला, एक डोळा झाकून बघ. मी म्हटलं दादा, एक डोळा मिटून बघणं हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे, तो तू मला शिकवू नकोस.

फोन ठेवल्यावर सहज जाऊन बघितलं. रेघा वाकड्या आहेत. पण आमचा गवंडी खरोखरच बेकार होता. तेरा वर्षं माझं लक्ष गेलं नाही एवढंच.

९ फेब्रुवारी

हिने परस्पर बारा तारखेची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. दादाने हिलाही फोन केलेला दिसतो. मी शांतपणे सांगितलं, आधी सॉफ्टवेअर, मग डोळे. एका वेळी एकच काम हातात घ्यावं. हिने भांडी जरा जोरात लावली.

११ फेब्रुवारी

थोरलं टाकलं. डाग इथेही आहे. तोच, तिथेच. म्हणजे दोन्ही कंपन्यांचं आतून साटंलोटं. आम्हा छोट्या स्टुडिओवाल्यांना असंच नाडतात.

थोरल्यात एक गुण मात्र आहे. फोटोत वाकलेल्या रेषा सरळ करायचं बटण. एका जोडप्याचा दारातला फोटो होता. चौकट लाटांसारखी वाकडी. तासभर खपून ओळंब्यात आणली. मोठ्या अभिमानाने हिला दाखवली. ही बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, मुळात सरळ होती, आता धनुष्य झालंय. हिला व्यावसायिक कामातलं कळत नाही. फोटो तसाच दिला.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरकडे गेलो नाही. मोठ्या ऑफिसचं काम आलं. ओळखपत्रांचे फोटो, दोनशे चौदा माणसं. असं काम टाकून डोळे दाखवत कोण फिरतं? हिने रिक्षा बोलावली होती. ती उगाच परत पाठवावी लागली.

त्या जोडप्याने फोटो परत आणून दिला. काउंटरवर ठेवून गेले.

१५ फेब्रुवारी

महत्त्वाचा शोध. उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्याने बघितलं तर डाग नाहीसा होतो. याचा अर्थ स्क्रीनवर उजवीकडून उजेड पडतो. खिडकीला जाड कापड लावलं. स्क्रीन डावीकडे सरकवली. कॅमेराही डाव्या डोळ्याला लावायला सुरुवात केली. नाक मध्ये येतं, सवय होईल.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, म्हणजे तुम्हाला कळलंय. मी म्हटलं कळलंय म्हणून तर खिडकी झाकली. ती आत निघून गेली.

१६ फेब्रुवारी

वाण्याकडे जाताना समोर अचानक माणूस उगवला. मोकळा रस्ता, भर दिवस. स्कूटर त्याच्या कोपराला घासली. वर तोच मला म्हणतो, तुम्ही सरळ माझ्याकडे बघत अंगावर आलात. लोक बघून चालत नाहीत. रस्त्याचा पांढरा पट्टाही कोणा रंगाऱ्याने पिऊन मारलाय, कुठल्या कुठे जातो.

घरी सांगितलं नाही. पण संध्याकाळपासून स्कूटरची किल्ली सापडत नाही. ही म्हणते शोधू सावकाश.

१८ फेब्रुवारी

दोनशे चौदा फोटो एडिट करून, नावं जुळवून, कार्डांवर चढवून वेळेच्या दोन दिवस आधी पोचवले. सगळं थोरल्यावर. तीस वर्षांचा हात आहे, उगाच नाही.

२० फेब्रुवारी

ऑफिसचे हेडक्लार्क जातीने आले. मला वाटलं आभार मानायला. त्यांनी दोन कार्डं पुढे ठेवली आणि ओळखा म्हणाले. मी म्हटलं, हे साहेब, हा वॉचमन. ते म्हणाले, नावं वाचून नका सांगू, चेहरे बघून सांगा. साहेबांच्या नावाखाली वॉचमनचा चेहरा होता म्हणे, आणि वॉचमनच्या नावाखाली साहेबांचा. तिथे दारं कार्ड लावूनच उघडतात, त्यामुळे साहेब दोन दिवस स्वतःच्या केबिनच्या दाराशी अडकून पडले. वॉचमन कार्ड परत द्यायला तयार नाही, एकदा एसीत बसून आला. अशी एकूण एकतीस.

थोरल्यात नावं आपोआप लावायची सोय आहे, तिचाच हा घोटाळा असणार. मी म्हटलं त्यांना तसं. हेडक्लार्क माझ्याकडे बघत राहिले, मग हिच्याकडे. मग दोघंही एकदम माझ्याशी फार गोड बोलायला लागले. ते मला आवडलं नाही.

एकतीसच्या एकतीस कार्डं हिने दुपारभरात नीट केली. तीही धाकट्यावर. तिला हे कधीपासून येतं, मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, काउंटरवर तीस वर्षं बसलेय, तुमच्या पाठीमागूनच शिकले.

असो. नवशिक्याला स्वस्तातलं पुरतं. उस्तादाला थोरलंच लागतं. निर्णय जवळजवळ झाला.

२३ फेब्रुवारी

कटरवर पासपोर्ट फोटो कापताना बोटाचं कातडं गेलं. पातं बोथट झालंय. ही म्हणते बोथट असतं तर एवढं कापलं नसतं. वाद घातला नाही, रक्त थांबेना.

या वहीच्या ओळीही वाकड्या छापल्या आहेत. पहिल्या पानांवर बऱ्या होत्या. मधल्या पानांत माल हलका घातलाय. दुकानदाराला दाखवायची.

२६ फेब्रुवारी

दादा स्वतः आला. दोन बस बदलून, वहिनीचा खांदा धरून. स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, पाठीमागे करडा पडदा, अगदी फोटो काढून घ्यायला आल्यासारखा ताठ. मी थोरल्याचे गुण सांगत होतो, धाकट्याचे दोष, खिडकी, कटर, वही, रस्त्याचा पट्टा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मीही एकेकाला असाच दोष देत गेलो रे. गवंडी, चष्मेवाला, दिव्याची कंपनी. दोष द्यायला कोणी उरलं नाही तेव्हा डॉक्टरकडे गेलो."

वहिनी रडायला लागल्या. ही त्यांना आत घेऊन गेली. मी दादाला चहा दिला. कपाच्या शेजारी ओतला गेला थोडा. तो म्हणाला, आवाजावरून कळलं. त्यालाच आवाज कळतो, मला काय करायचंय.

दादाने वचन मागितलं. मी दिलं. सॉफ्टवेअर घेतलं, डाग गेला की त्याच दिवशी त्याला फोन करणार. डाग राहिला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. एवढं स्पष्ट बोलणं झालं. दुःख भोगलेल्या माणसाला सगळीकडे दुःखच दिसतं. दिसतं असं लिहिलं खरं, पण त्याच्या बाबतीत तो शब्द बरा नाही.

तो गेल्यावर स्टुडिओत एकटाच बसलो होतो. भीती वाटली. कशाची ते माहीत नाही. पडदा गुंडाळून ठेवला.

१ मार्च, दुपारी ४

थोरलं घेतलं. रीतसर, व्यावसायिक, तीन वर्षांचं एकदम. सवलत होती. फुकटच्या मुदतीचे दहा दिवस बाकी होते, पण माणसाने धडाडी दाखवावी. आता खूण जाणार.

४.१०

डाग आहे.

४.२५

बंद करून चालू केलं. आहे.

४.४०

कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं तसं काढून पुन्हा टाकलं. आहे. आधीपेक्षा मोठा वाटतो. त्याला विचारलं, पैसे पोचले नसतील का? तो म्हणाला, काका, पैसे पोचलेत. आणि लगेच फोन ठेवला. बाकी वेळी फोन खाली ठेवत नाही.

५.००

स्क्रीन बंद केली. काळ्या स्क्रीनवरही डाग. खिडकीच्या कापडाकडे बघितलं, कापडावर. भिंतीवर. मी बघेन तिथे माझ्या आधी जाऊन बसलेला. ही चहा घेऊन दारात आली. साडी ओळखली, बांगड्या ओळखल्या. चेहऱ्याच्या जागी डाग.

उजवा डोळा मिटला. डाव्याने बघितलं. चेहरा दिसला. पण तिच्या मागची दाराची चौकट वाकली होती. डाव्या डोळ्यालाही.

कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे.

२ मार्च

पत्र लिहिलं नाही. डॉक्टर उद्याची वेळ देतात म्हणे. ही आजच चला म्हणते. जातो.

६ मार्च

(आजपासून सांगणार हे, लिहिणार मी.)

डॉक्टरांनी अत्यंत बारकाईने तपासलं. दोन तास. असा पेशंट त्यांनी पाहिलेला नाही. काही दिवस लिहायला मनाई केली आहे.

(मनाई केलेली नाही. उजव्या डोळ्याने आता वाचता-लिहिता येणार नाही, असं सांगितलं आहे. पडलेला डाग आता पुसला जाणार नाही. डाव्याला नुकती सुरुवात आहे, पहिलं इंजेक्शन काल दिलं, दर महिन्याला द्यावं लागेल. तो डोळा वाचवता येईल असं वाटतं, खात्री देत नाही म्हणाले. आणि विचारलं, बारा फेब्रुवारीची वेळ घेतली होती, तेव्हा का आला नाहीत? यांनी ऑफिसच्या कामाचं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते.)

लिही: मला पहिल्यापासून शंका होती. फक्त घरच्यांना घाबरवायचं नव्हतं.

(हे लिहिते आहे, कारण सांगतील ते लिहायचं असं ठरलं आहे. मागची पानं मी वाचली. शेवटच्या काही पानांवर ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, त्या लावायला वेळ लागला. वहीच्या ओळी सरळ आहेत.)

लिही: सॉफ्टवेअरचा निर्णय चुकलेला नाही. डावा डोळा बरा झाला की थोरल्यावर काम सुरू. तोवर ही धाकट्यावर किरकोळ कामं बघेल, मी मागे बसून सूचना देईन.

(धाकट्याचे पैसे मी भरले. त्या जोडप्याला चौकट सरळ करून फोटो परत पाठवला. पोचला असा निरोप आला. दादांना फोन केला. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, सांभाळ त्याला, तो आता फार बोलेल.)

लिही: एकूणात वेळेवर गेलो. डाव्या डोळ्यावरची पट्टी आज काढली. लख्ख दिसतं. समोर ही बसली आहे, मांडीवर वही. चेहरा स्पष्ट दिसतो. हसते आहे. लिही, हसते आहे म्हणून.

(लिहिलं. मी हसत नव्हते.)