हुंकार देणारं यंत्र

नेरूळ, रविवार

आदरणीय दाजी,

सविनय जयभीम. चांगुणाक्काचे गुडघे, तुमची साखर आणि नव्या म्हशीचा स्वभाव, सगळं ठिकाणावर असेल असं धरून चालतो. आम्ही इकडे आहोत. बरे आहोत असं लिहिण्याचं त्राण नाही. अक्का माझ्यावर रुसल्याचं कळलं, म्हणून आधी त्या यंत्राचा खुलासा करतो.

आमचे शेजारी अब्दुल्लाभाई (मूळ श्रीवर्धनकडचे, फार सज्जन माणूस; ही आपत्ती त्यांच्या सज्जनपणातूनच आली) कुवेतहून परतताना एक आन्सरिंग मशीन घेऊन आले. त्यांच्या घरी दिवसभर माणसं असतात. आमच्याकडे मी ऑफिसात, वैजयंती शाळेत शिकवायला आणि राजश्री नर्सिंग कॉलेजात, म्हणून त्यांनी ते आम्हाला देऊन टाकलं. आपण घरी नसलो की ते आधी आपण भरून ठेवलेला आवाज ऐकवतं, मग टूं करतं, आणि त्यानंतर समोरचा बोलेल ते टेपवर घेतं. जिथे ते बनलं तिथली माणसं म्हणे एकटीच बोलतात, काम सांगतात आणि फोन ठेवतात. आपल्याकडे समोरच्यानं हुंकार दिल्याशिवाय कुणाची जीभ पुढे सरकत नाही, हे बनवणाऱ्याच्या गावीही नसावं. महिनाभराची टेप ऐकली, तर नुसतं हॅलो, हॅलो, ऐकताय ना? अक्काचा आवाज तर रडवेला: "सदू, काय चुकलं रे आमचं? हं तरी म्हण!" आणि मग आपटलेला फोन.

मग मला अक्कल सुचली (वैजयंती दुसरा शब्द वापरते). यंत्रात "जयभीम, बोला" एवढं भरून मी थोडी जागा सोडली, आणि पुढे सावकाश भरलं: हं... हं... बरं... खरंय तुमचं... तसंच करू. म्हटलं, माणसाला जरा धीर येईल आणि टूं झाल्यावर तो मोकळेपणानं बोलेल. धीर आला, दाजी. फारच आला. मंगळवारी तुमच्या गावचे नामदेवराव, म्हणजे राजश्रीला बघून गेलेल्या मुलाचे वडील, तालुक्याला जाऊन एसटीडी बूथवरून बोलले. यंत्र माझा आवाज ऐकवत असतं तेव्हा समोरच्याचं काही टेपवर घेत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी जे काय विचारलं ते हवेत गेलं. मी मात्र त्यावर हं म्हणालो, बरं म्हणालो आणि शेवटी तसंच करू म्हणालो. टेपवर एवढंच आलंय: "मग ठरलं, सदाशिवराव. एवढ्या लवकर ऐकाल असं वाटलं नव्हतं." मागे कुणीतरी हसलंही.

काय ठरलं? राजश्रीनं मला बजावलं होतं की शेवटचं वर्ष पुरं होऊन नोकरी लागेपर्यंत तारीख काढायची नाही, आणि हे त्यांना पप्पांनीच सांगायचं. मी तिला शब्द दिला होता. आता मी तिचं शिक्षण बंद केलं, की याच महिन्यात लग्न लावलं, की नुसता मंडपवाला पक्का केला, कोण जाणे. मी कशाला हो म्हणालो, असं होणाऱ्या व्याह्याला फोन करून कोणत्या तोंडानं विचारू? जेवण जात नाही. पोरीच्या नजरेला नजर देववत नाही. फार थकलो, दाजी.

अक्काला समजवा. बाकी भेटीअंती.

आपला,
सदाशिव

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. सहज गेल्यासारखं दाखवून नामदेवरावांच्या ओट्यावर बसा आणि मी काय कबूल केलंय ते काढून घ्या. मी विचारतोय हे कळू देऊ नका.

आणखी एक. वरचं राहू द्या. पाकीट चिकटवण्याआधी राजश्रीला टेप ऐकवली. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "पप्पा, मशीनला कशाला बोल लावताय? तुमी घरी असता तरी हेच बोलला असता." मी टेप मागे फिरवतोय तोवर ती पुढच्या रविवारच्या एसटीचं आम्हा दोघांचं रिझर्वेशन करायला निघालीसुद्धा. नामदेवरावांशी ती स्वतः बोलणार आहे. तेव्हा विनंती एवढीच, की ती बोलायला बसली की काहीतरी निमित्त काढून मला त्यांच्या घराबाहेर न्या.