लाल झेंडा वर असताना

ता. ९, मंगळवार

चि. भाऊजींस,

वहिनीचा आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहायला सांगितला, फार मनावर घेऊ नका. आम्ही इकडे बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे, ते तुम्हाला रविवारी कळलंच. पत्र सून लिहिते आहे. तिचं अक्षर तुमच्या वागण्यापेक्षा सरळ आहे. "हेही लिहू का?" म्हणते. लिही बाई.

तुमची चिठ्ठी मिळाली. पाहुण्यांसमोर मी तुमच्यावर खेकसले, म्हणून येत्या रविवारी नेमबाजीच्या रेंजच्या सभेत सगळ्यांदेखत माफी मागायची, नाहीतर माझ्याकडची झेंड्याची दोरी दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल. एवढ्याशा चिठ्ठीत 'शिष्टाचार' तीनदा आलाय.

तर शिष्टाचाराचंच बोलू. लाल झेंडा चढला की बंदूक उघडी करून टेबलावर ठेवायची आणि पिवळ्या रेघेच्या मागे यायचं. समोर गेलेलं माणूस निशाणांचे कागद बदलून परत येईपर्यंत बंदुकीला बोटही लावायचं नाही. कोणी चुकताना दिसला, तर बघणाऱ्याने 'थांबा' म्हणून ओरडायचं, मग चुकणारा कितीही मोठा असो. बाहेर ज्याला आगाऊपणा म्हणतात, त्यालाच तिथे अदब म्हणतात. हे सगळं फळ्यावर लिहिलंय. मला वाचता येत नाही, पण पाठ आहे. तुम्हाला वाचता येतं. फळा तर तुम्हीच रंगवून घेतलात.

रविवारी झेंडा वर होता. सून समोर कागद चिकटवत होती. तुम्ही पाहुण्यांना बंदुकीवरची नवी दुर्बीण दाखवायला रेघ ओलांडलीत, बंदूक उचललीत आणि डोळा लावलात. बाकीचे सभासद छताचे पत्रे बघत बसले. एवढ्या जुन्या माणसाला बोलणार कोण? मी बोलले. त्यावर तुम्ही म्हणालात, "वहिनी, रिकामी आहे. उगाच तमाशा नको."

रिकामी आहे. हे मी आधी ऐकलंय, भाऊजी.

बारा वर्षांपूर्वी समोर तुमचे दादा होते. झेंडा मीच चढवला होता, दोरी अजून हातात होती. तेव्हाही तुमचे पाहुणे आले होते, आणि "रिकामी आहे" म्हणत तुम्ही टेबलावर वाकलात. मी पाहिलं. ओरडायला तोंडही उघडलं. मग वाटलं, चार लोकांत दिराचा पाणउतारा कशाला, घरी गेल्यावर सांगू. तेवढ्यात आवाज झाला, आणि हे निशाणाच्या चौकटीपाशी खाली बसले.

मग तुम्ही जबाबाचा कागद आणलात. झेंडा चढायच्या आधीच हे पुढे गेले, असं त्यात आहे, म्हणालात. पुरता वाचून दाखवू का, विचारलंत. मी नको म्हटलं आणि अंगठा दिला. तुम्हाला वाटलं, वहिनीने घराण्याची अब्रू राखली. तसं काही नव्हतं. झेंडा नव्हताच म्हटलं, की मी का ओरडले नाही हे कोणी विचारणार नव्हतं.

हे नऊ वर्षं खिडकीपाशी खुर्चीत होते. पाय काही परत जमिनीला टेकला नाही. तुम्ही फळं घेऊन यायचात, आणि हेच मला म्हणायचे, त्याला बसायला दे. जाईपर्यंत त्यांनी एकदाही विचारलं नाही, तू गप्प का राहिलीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सून लिहायची थांबली आहे. तिला हे आजच कळतंय. रड म्हटलं, पण आधी ओळ पुरी कर.

रविवारी मी सभेला येते. माफी मागणार आहे, पण तुमची नाही. यांची मागणार, ऐकायला ते नसले तरी. मग त्या कागदाचं सांगणार. त्यातलं तुमचं ते तुमचं, माझं ते माझं. दोरी काढून घेतली तर घेऊ देत. त्याआधी तुम्ही बंदूक जमा करून मुकाट्याने रेघेमागे बसलात, तरी मी बोलणारच. तुमच्या मानापायी एकदा गप्प बसून झालं. आज समोर ही पोरगी असते, आणि मला ती परत यायला हवी आहे.

पत्र सुनेने मला दोनदा वाचून दाखवलं. खालचा अंगठा या खेपेस शेवटपर्यंत ऐकून दिला आहे.

थांबा, भाऊजी.

तुमची वहिनी