सात नंबरच्या विहिरीतला फेस

३ जून
निवृत्तीला अठ्ठावन्न दिवस. सात नंबरच्या तेलविहिरीत माझा फेस उतरला आणि तेल वाढलं, तर दोन वर्षं मुदतवाढ. साहेबांनी तोंडी सांगितलंय. वाढणारच.

५ जून
तेल शेजारच्या विहिरीकडे ढकलायला सात नंबरमधून खडकात गॅस सोडतात. तो सोप्या वाटेने पळतो, तेल जागच्या जागी. फेसाने त्या वाटा बुजवायच्या. इतकं सरळ आहे. आज काचेच्या नळीत माझा फेस दोन तास दहा मिनिटं उभा. माझ्या हाताखालच्या बाई म्हणाल्या, मॅडम, नळीत थोडं तेल घालून बघू या का? फेसाच्या टेबलावर तेल येणार नाही, हा माझा बावीस वर्षांचा नियम. नळ्या चिकट होतात. त्या म्हणाल्या, पण मॅडम, खाली तेलच आहे ना. उलट बोलण्याची सवय. नोंद घेतली.

११ जून, सकाळ
संकल्प: आवाज चढवायचा नाही.

११ जून, दुपार
चढवला. बाईंनी परस्पर नळीत तेल टाकलं. फेस चार मिनिटांत बसला. नळी नीट धुतलेली नसणार. अहवालात घेतलं नाही.

१९ जून, घरी
भांड्यांची पाळी ह्यांची. म्हणाले, अगं, डब्यांना काय झकास फेस येतो, आणि कढईला हात लावला की गेला. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाने रसायनशास्त्रात पडू नये. तसं सांगितलं.

२ जुलै
फेस विहिरीत सोडला. तिथल्या इंजिनिअरांनी विचारलं, तेलात तपासलाय ना? म्हटलं, तपासण्यातच माझी बावीस वर्षं गेली. ‘हो’ म्हटलेलं नाही. खोटं मी बोलत नाही.

९ जुलै
शेजारच्या विहिरीतून गॅस आला. पूर्वीइतकाच. तेलही पूर्वीइतकंच. खडक वाईट.

१४ जुलै
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, बाईंनी बनवलेलं फेसाचं मिश्रण तेलात पन्नास मिनिटं टिकतं. पुढची चाचणी त्यांची. माझा फेस दोन तास टिकतो, हे लक्षात आणून दिलं. साहेब म्हणाले, बसा, पाणी घ्या. मुदतवाढीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

३१ जुलै
निरोप समारंभ, अकरा मिनिटं. बाई म्हणाल्या, स्वच्छता मी मॅडमकडून शिकले. डोळे पुसत होत्या. कशासाठी, कळलं नाही. माझी नळी मी त्यांना भेट दिली. धुऊन.

१ ऑगस्ट, घरी
आजपासून भांडी माझ्याकडे. डब्यांना उत्तम फेस. कढईत बसला. पुन्हा साबण घेतला. पुन्हा बसला. हे दारात उभे होते. पुढे येऊन पाण्याचा नळ तेवढा बंद केला.
संकल्प: यापुढे डबे आणि पेले मी घासायचे. कढई ह्यांनी.