शेवयांच्या मशीनला मोटार

मंगळवार, संध्याकाळ

माझा खांदा गेला, म्हणून सून म्हणत होती, यंदा शेवया विकतच्या आणू. विकतच्या? मी मेली का?

नात मीनल माझ्या शेवयांच्या हातमशीनला गाडीच्या वायपरची मोटार बसवून राहिली आहे. मोटारीला हुकूम देणारी चिप इवलीशी, मोटारीचा करंट तिला झेपत नाही, म्हणून मधे ट्रान्झिस्टर लागतो म्हणे. पोरीने सगळ्यात दमदार पाहून आणला. काल मोटार नुसती कुंथली अन् तो तापला. मी बोट लावलं तर हा चटका! "आजी, छूना मत!" म्हणाली, पण भाजल्यावर.

"एवढा दमदार, तर तापतो काहून?"

मग पोरगी त्या ट्रान्झिस्टरची माहिती वाचत बसली. चिपच्या कमी व्होल्टवर तो करंटची वाट अर्धीच उघडतो, म्हणून तापतो. आज तेवढ्याच व्होल्टवर पूर्ण उघडणारा आणून लावला. मोटार फिरली. मी पुन्हा तेच भाजलेलं बोट लावलं. थंडगार! लिहिताना अजून चुरचुरतं, चुरचुरू दे.

कणकेचा गोळा टाकला. शेवया लांबलचक उतरल्या, एक तुटली नाही. सून दारात उभी. म्हटलं, "पाहतेस काय? खाटेवर वाळत घाल."

घातल्या तिनं.