ताईचं ‘छान आहे’

प्रिय ताई,

सहा महिन्यांपूर्वी पाठवलेल्या चाकूबद्दल अखेर तुझी चिठ्ठी आली. ‘चाकू छान आहे.’ बस्स, एवढंच! बारा वर्षांत तू माझ्या एकाही चाकूला छान म्हटलेलं नाहीस. तेव्हापासून कामात लक्ष नाही.

आठवतं ना, नोकरी सोडून मी पहिला चाकू घडवला तेव्हा? पात्यावर लाटांची नक्षी, मुठीवर कोरलेली वेल, पुढे पितळी कडं. थाटच थाट! आई तर तो काचेच्या कपाटात ठेवायला निघाली होती. तू मात्र तडक ओट्याशी गेलीस, किलोभर कांदे चिरलेस आणि मुठीला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलंस, ‘देखणा आहे. बोटं फळीवर आपटतात. वेलीत कांदा अडकतो.’ मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. म्हटलं, हिला कलेतलं काय कळतंय, कप्पाळ!

पण रागारागात का होईना, पुढच्या चाकूचं पातं मुठीकडे बोटभर रुंद केलं. मग वेल गेली. दुसऱ्यांचे चाकू बघून उचललेली नक्षी गेली. मूठ पुढे निमुळती झाली, कारण चिरताना तुझा अंगठा नेहमी पुढे सरकून पात्याला टेकतो. तुझ्या चिकटपट्ट्या येत राहिल्या, मी धुसफुसत घासत राहिलो. आता लोक म्हणतात, तुमचा चाकू शंभरात ओळखू येतो, ही शैली सुचली कुठून? मी उगाच आव आणून काहीबाही सांगतो. खरं म्हणजे ताई, ती शैली म्हणजे तुझा हात आहे. हे आजवर बोललो नाही, कारण तू माझ्या डोक्यावर मिरे वाटले असतेस.

परवा भावोजी घरातले सगळे चाकू धार लावायला घेऊन आले. त्यात तो नवाही होता. सवयीने भिंगाखाली धरला. अगं, सगळ्या जगाला फसवशील, पण धारेला कशी फसवणार? मी लावलेलं तेल पात्यावर जसंच्या तसं होतं. त्याने एक मिरचीसुद्धा चिरलेली नाही. भावोजींना खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. तुझ्या बोटांचे सांधे धरलेत, मूठ मिटत नाही, भाजी हल्ली तेच चिरतात. आणि मला सांगायचं नाही म्हणून तू त्यांना शपथ घातलीस.

मला वाईट वाटेल म्हणून छान लिहिलंस होय? बारा वर्षं माझी पिसं काढलीस, तेव्हा नाही वाटलं वाईट! राग आलाय मला. रडलोही, लपवत नाही. बाकी सगळ्यांनी माझं कौतुक केलं, पण मला कारागीर केलंस ते तू. तुझे आभार कसे मानायचे, मला कळत नाही.

सोबत ओल्या मातीचा गोळा पाठवतोय. दुखणार नाही इतपतच दाब. दोन बोटांनी, तळव्याने, दोन्ही हातांनी, कसाही. सुकला की परत पाठव. त्या हाताला कसली मूठ लागते, मला काहीच ठाऊक नाही. पहिले दोन-तीन चाकू हमखास फसणार. पण तेव्हा छान म्हणालीस ना, तर याद राख.

तुझाच,
ठोंब्या