मैदानाला दादाचं नाव

४ जानेवारी
साखर कारखान्यामागच्या मैदानाला त्याचं नाव देणार म्हणे. रविवारी पाटी लागणार. नगराध्यक्ष येणार, बँड येणार, आणि गल्लीतली झाडून सगळी माणसं टाळ्या पिटणार. पिटा. ‘रादामेस फ्रोमेता मैदान’!

रादामेस फ्रोमेता माझा भाऊ होता. तेराव्या वर्षी तापाने गेला. मान घ्यायला येतोय तो समोरच्या घरातला बासिलिओ.

५ जानेवारी
कपडे धुताना सगळं वर आलं. बासिलिओ झाडूच्या दांड्याने बाटल्यांची बुचं टोलवायचा, दादा टाकायचा. दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा, झेलायचा हातमोजा त्यानेच दादाला करून दिला होता. मी सात वर्षांची. गटारात गेलेली बुचं काढायची मी. जीव ओवाळून टाकायचे बासिलिओवर. दादाच्या शवपेटीला खांदाही त्याने दिला.

तीन वर्षांनी अमेरिकेतल्या बेसबॉल संघाची माणसं पोरं निवडायला आली. त्यांना सोळाची हवी, बासिलिओ वीसचा घोडा. मग एका सकाळी हा सोळाचा झाला, आणि रादामेस झाला. दादाचा जन्मदाखला आईच्या पत्र्याच्या डब्यात असायचा. चोरला मेल्याने. गल्लीला ठाऊक होतं, पण सगळे तोंड शिवून बसले. शेजारची तातिकाबाई मला म्हणाली, “आपल्यातलं एक पोर पुढे जातंय, तू कशाला बोलतेस?”

६ जानेवारी
तीन राजांचा सण, पोरांना भेटी द्यायचा दिवस. मी अकरा वर्षांची असताना आजच्याच दिवशी बासिलिओ नव्या दुमजली घराच्या गच्चीवरून पोरांना चेंडू वाटत होता, सही करून. मलाही दिला. सही — रादामेस फ्रोमेता. मी तो संडासात टाकला.

चेंडू देताना म्हणाला होता, “काय गं चिमणे, ओळख विसरलीस?”

विसरते कसली.

७ जानेवारी
दादाच्या थडग्यावर नाव नाही. क्रूस कोरा. लिहिलं तर ह्याचं बिंग फुटेल ना! सरकारदरबारी मरणाची नोंद कुणी केलीच नाही; तिथे दादा जिवंत आहे, अमेरिकेत चेंडू टोलवतोय.

आज चर्चच्या दफनाच्या वहीतल्या पानाची नक्कल मिळाली. नाव, वय, तारीख, सगळं आहे. बातमीदाराशी बोलले. पाटीवरचा पडदा सरकला की नक्कल त्याच्या हातात. भर बँडबाजात नाक कापते त्या बासिलिओचं. घर जाऊ दे, नाव जाऊ दे, तोंड लपवायला जागा उरू नये.

८ जानेवारी
तो आला. टक्कल पडलंय. सगळ्यांना मिठ्या मारत फिरतोय. मी दार लावून घेतलं.

९ जानेवारी
आईला बेत सांगितला. ती राजमा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चोरला कुठे? मीच नेऊन दिला दाखला. क्रूसही मीच कोरा ठेवला. पंधरा वर्षं रेडिओवर माझ्या पोराचं नाव ऐकलं, तेव्हा कुठे घास उतरला. उद्या मला पुढच्या रांगेत बसायचंय.”

नक्कल माझ्याकडेच आहे. आईच्या झग्याला इस्त्री करून ठेवली.